रिवाज आणि जादा

माझे वडील गेल्याचं कळल्यावर अण्णा साताऱ्याहून उंब्रजपर्यंत मोटारीनं आणि तिथून आमच्या गावापर्यंत पायी आले. उन्हानं घामाघूम झाले होते. ओटीवर माणसं बसली होती. आता हे दोन शब्द बोलतील म्हणून मी उठून उभा राहिलो. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि विचारलं, "पाटलाकडं नोंद झाली का?" मी नाही म्हणालो. "मग मी घालून येतो. वय काय सांगू? अंदाजे नको." आणि पाणीसुद्धा न पिता ते चावडीकडं निघाले. माझ्या चुलत्यांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. मनातल्या मनात मीही त्यात भर घातली.

अण्णांचं खरं नाव बाळगोंडा. सांगलीजवळ कुपवाडच्या अंगाला त्यांचं जैन शेतकऱ्याचं घर. भाऊबंद भुईमूग आणि तंबाखू पिकवत, ह्यांनी शाळेची शेवटची परीक्षा पास होऊन साताऱ्याच्या आरोग्य कचेरीत कारकुनी धरली. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, दिवस मावळल्यावर जेवत नसत, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून मान खाली घालून चालत. आणि दिवसभर काम काय, तर मेलेली माणसं मोजायची. "अण्णा, मुंगीला इतकं जपता, माणसाचं काय?" असं मी एकदा चिडवलं, तर मान वर न करता म्हणाले, "मुंग्यांचं रजिस्टर न्हाई गड्या. असतं तर तेबी ठेवलं असतं."

त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझं त्यांच्या समोर. त्या काळी गावात कोण मेलं ते पोलीस पाटलानं वहीत लिहायचं, महिन्याच्या महिन्याला त्याचा कागद तालुक्याला धाडायचा आणि तिथून तो आमच्याकडं यायचा, अशी रीत होती. अण्णा एकेका गावाला एकेक पान देत. मागच्या पाच वर्षांत त्याच महिन्यात तिथं किती माणसं मेली ते मांडून त्याची सरासरी काढत. आम्ही बाकीचे तिला सरासरीच म्हणत असू. अण्णा मात्र तिला 'रिवाज' म्हणत. "ह्यो गावाचा रिवाज," ते सांगत. "रिवाजापरमानं माणसं मेली तर बोंब मारायची न्हाई. रिवाजाच्या वर गेली ती जादा. आपली नोकरी जादाची." कचेरीसमोरून प्रेतयात्रा निघाली की ते खिडकीतून पाहत, मयताच्या वयाचा अंदाज घेत आणि परत लिहायला लागत. "रिवाजातला," एवढंच पुटपुटत. एकदा शेजारच्या शिंप्याचं जुळं गेलं तेव्हाही ते हेच म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पाटलांच्या कागदांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बहुतेक पाटील महिनाअखेरीला चावडीत बसून आठवतील तेवढी नावं लिहीत. म्हणून अण्णा गावात गेले की आधी कुंभाराकडं जात. तिरडीपुढं धरायला मडकं लागतं आणि ते कुंभारच देतो. मडकी किती गेली आणि वहीत नावं किती, ते ताडून बघत. पण लहानग्यांना पुरतात, त्यांना मडकं लागत नाही. त्यातून बारशाआधी गेलेलं मूल तर आमच्याकडं कुणी माणसात धरत नाही. परड्यात पुरतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. त्याची नोंद कशाला घालायची, असं पाटलालाही वाटे आणि आईबापालाही. अण्णांचा सगळा राग ह्यावर होता. सुइणीसमोर बसून ते अशा मुलांचा हिशेब काढत. "नाव ठेवलं न्हाई म्हनून काय झालं? श्वास घेतला का न्हाई? मग मेला म्हनून लिवा."

सगळ्या जिल्ह्यात त्यांचं हे ऐकणारा एकच पाटील निघाला. आंबेखोरीचा. डोंगराच्या कुशीतलं ते गाव. पाटील पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला, मिशा वळवलेला, हुकूम म्हणजे हुकूम मानणारा माणूस. पाच वर्षं त्यानं गावातलं एकही मरण सोडलं नाही. तासाभराचं अर्भक असलं तरी वहीत येई, आणि अक्षर असं की पाहत राहावं. मेलेल्यांची हजेरीच घेई तो. अण्णा ती वही इतर पाटलांना नेऊन दाखवत. "हे बगा. ह्याला म्हंत्यात गाव." मला त्या गावाचं आणखी एका कारणानं अगत्य होतं. माझी धाकटी बहीण इंदू तिथं दिलेली होती. नवरा पलटणीबरोबर दर्यापार लढाईवर गेलेला. घरात ती, सासू आणि पाच वर्षांची चंदा.

लढाईच्या त्या दिवसांत पटकीची साथ आली. औषध नाही, डॉक्टर नाहीत, मोटारीला पेट्रोल नाही. आमच्या वाट्याला एक डॉक्टर, दोन कंपाउंडर आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी एक लॉरी, एवढंच पथक आलं. विहिरीत टाकायची तांबडी पूड आणि शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी घेऊन हे पथक एका वेळी एकाच गावात राहू शके. कोणत्या गावात आधी जायचं? वरून हुकूम आला की ज्या गावात महिन्याची मरणं पाच वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट होतील तिथं पथक जाईल. म्हणजे कुठल्या गावाला औषध मिळायचं ते अण्णांच्या पानांवर ठरणार होतं.

पहिल्यांदा पथक ढोकरवाडीला गेलं. तिथला पाटील एक नंबरचा आळशी. महिन्याला एखादं नाव लिहायचा, लेकरं तर कधीच नाही. रिवाज निघाला एक. साथीत पाच माणसं मेली तेव्हा त्यानं घाबरून पाचही लिहिली. झालं, पाचपट. आंबेखोरीत त्याच महिन्यात नऊ मेली होती. पण तिथला रिवाज सहा, कारण पाच वर्षं एकेक अर्भकसुद्धा लिहिलेलं. नऊ म्हणजे दीडपट. अण्णांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाले, "ज्यानं मढी लपवली त्याच्याकडं डाक्टर गेला. ज्यानं लिवली त्यो बसला." त्याला एकेक मरण लिहायला लावलं कुणी, ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आंबेखोरीचा पाटील स्वतः कचेरीत आला. टाचा जुळवून अण्णांच्या टेबलासमोर उभा राहिला. "साब, आंबेखोरीची हजेरी. नऊ. घरोघरी आजारी हायत. गाडी पायजे."

"पान बगितलं," अण्णा म्हणाले. "रिवाज सा. दुप्पट म्हंजे बारा. तुमी दिडीत हाय."

"म्हंजे अजून तीन मरायला पायजेत?"

"व्हय. तीन."

पाटलानं पुन्हा टाचा जुळवल्या. "बरं," म्हणाला. जाताना माझ्याकडं वळून म्हणाला, "इंदूबाय कालपातुर तरी बरी हुती."

तो गेला आणि मी अण्णांच्या अंगावर धावलो. म्हणालो, त्या जुन्या पानांवरची लेकरं खोडा. कोण विचारतंय? रिवाज खाली येईल, गाडी आजच जाईल. अण्णांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं. "एकदा मेल्याली लेकरं मी परत मारू व्हय?" पण मग ते जेवायलाही उठले नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी एक नवा तक्ता केला. सगळ्या गावांतली लेकरं बाजूला काढून फक्त मोठ्या माणसांची मरणं मोठ्यांशी ताडली. खोटं काहीच नव्हतं. लेकरं जिथली तिथं राहिली होती, फक्त वेगळी. त्या हिशेबानं आंबेखोरी तिप्पट झाली होती. तक्ता घेऊन आम्ही दोघं साहेबांकडं गेलो. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "छान केलंय हो. पण फॉर्मात असा रकाना नाही. रकाना वाढवायला वरची परवानगी लागते. लिहून पाठवा." अण्णांनी त्याच पावली लिहून पाठवलं. सूचना विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. ते आलं तेव्हा साथ संपून पुढची सुगी आली होती.

तिसऱ्या दिवशी आंबेखोरीचा येसकर कागद घेऊन आला. आणखी तीन नावं. दोन म्हाताऱ्या बाया आणि तिसरी इंदू, वय चोवीस. मी वाचलं आणि खाली बसलो. अण्णांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि येसकराला विचारलं, "मडकी गेली का?" "गेली जी. बाराच्या बारा." अण्णांनी पानावर आकडा घातला, साहेबांची सही आणली आणि ढोकरवाडीहून परतलेली लॉरी काढायला सांगितली. मग माझ्या खांद्याला धरून मला उठवलं. "ऊठ. गाडीत जागा हाय. ही जादातली हाय, गड्या. रिवाजातली न्हवं." त्यांच्यापुरतं ते सांत्वन होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटलं, ह्या माणसाचा गळा दाबावा.

आंबेखोरीत लॉरी पायथ्यापर्यंतच जाई. चढ चढून वर गेलो तर अण्णा आधी कुंभाराकडं. बारा मडकी गेली होती, हिशेब जुळला. मी धावत इंदूच्या घरी गेलो. दारात मडकं होतं. ते फुटलेलं नव्हतं. नवं कोरं, पाण्यानं भरलेलं, उंबऱ्याशी ठेवलेलं. आत घोंगडीवर इंदू पडली होती. डोळे खोल गेलेले, हातापायांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. पण ती माझ्याकडं बघत होती. "दादा," ती म्हणाली, "त्या मडक्यातलं पानी दे की. सकाळधरनं कोन हात लावू दीना." सासू कोपऱ्यात चंदाला पोटाशी धरून बसली होती. मी मडकं उचललं आणि त्यातलं पाणी बहिणीला पाजलं.

मागोमाग डॉक्टर आला, त्याच्या मागून अण्णा आणि पाटील. पाटील सावधान उभा राहिला. "साब, तीन मानसं आगाऊ धरली. ज्यांची नाडी लागत न्हवती तीच धरली. तुमी मडकी मोजनार म्हनून मडकी बी काढून ठेवली. गुन्हा माजा." त्या दोन म्हाताऱ्या त्याच सकाळी गेल्या होत्या. तिसरी मात्र माझ्या हातानं पाणी पीत होती. मी त्या माणसाचे पाय धरले. जन्मात पुन्हा कुणाचे धरले नाहीत.

डॉक्टरनं इंदूच्या शिरेत मिठाचं पाणी चालू केलं. आणखी तीन घरांत तेच केलं, मोठ्या विहिरीत तांबडी पूड टाकली. दिवस कलला तेव्हा अण्णा चावडीत बसून चिठ्ठी लिहीत होते. पथकाबरोबर जाऊन आकडा खरा आहे का ते बघायचं, खोटा असेल तर गाडी पुढच्या गावाला लावायची, असं त्यांच्या हुकमात लिहिलेलं होतं. मी काय लिहिताय म्हणून विचारलं.

"अकरा," ते म्हणाले.

"अण्णा, बारा म्हणा."

"अकरा हायत."

"माझी बहीण जगली म्हणून अकरा!"

"व्हय. म्हनूनच."

डॉक्टरही म्हणाला, बाराच धरा की, एकानं काय होतंय. अण्णांनी पिशवीतून दुसऱ्या गावाचं पान काढून त्याच्यापुढं ठेवलं. "तितं तिप्पट झालंय. तितं बी मानसंच हायत." मी ओरडलो, ते एकाचं तिप्पट आहे, तिथल्या पाटलानं कधी काही लिहिलं नाही, तुम्हाला माहीत आहे. "म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "पर आज मी जित्याला मेला लिवला, तर उद्या समदी पाटील लिवत्याल. मग खरी साथ कुटं हाय ते कोन सांगनार?" असं म्हणून त्यांनी सही केली.

सकाळी पथक गेलं. अण्णाही गेले. मी राहिलो. तिसऱ्या प्रहरी चंदाला जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लॉरी गेलेल्या वाटेनं मी धावत निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून येसकरानं परत बोलावलं. पाटलानं वही उघडली, बाराव्या नंबरापुढचं इंदूचं नाव नीट रेघ मारून खोडलं आणि त्याच नंबरापुढं चंदाचं नाव लिहिलं. आता दुप्पट झाली होती. पथक फिरून आंबेखोरीला यायला आठ दिवस लागले. तोवर आकडा कुठल्या कुठं गेला होता. खोट्या नोंदीबद्दल पाटलाची पाटीलकी गेली, तीही अण्णांच्याच चिठ्ठीवर.

इंदू उठली, हिंडूफिरू लागली. पण त्या घरात तिचं जगणं मुश्किल झालं. सासू तोंडावर म्हणायची, "तू गेली असतीस तर गाडी ऱ्हायली असती." पाणवठ्यावर बाया घागरी घेऊन बाजूला सरायच्या. ज्यांच्या घरची माणसं त्या आठ दिवसांत गेली, ते तर तिच्याकडं बघतही नसत. शेवटी मी तिला साताऱ्याला आणली. ती स्वयंपाक करी, धुणी धुई, पण कधी कशावर बोलत नसे. नवरा लढाईवरून परत आला, तिला न्यायला आला, तर म्हणाली, "मी हितंच बरी."

मी अण्णांच्या समोरचं टेबल सोडलं आणि दुसऱ्या खोलीत बदलून घेतलं. दोन वर्षं आम्ही एका इमारतीत बोलल्याशिवाय काढली. ते निवृत्त होऊन गावी गेले त्या दिवशी मी रजा टाकली. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. काका अंथरुणाला खिळलेत, तुमची आठवण काढतात. सांगलीला काम काढून मी गेलो. का गेलो ते मला अजून सांगता येत नाही. मनात राग होता हे खरं, आणि तो त्यांना ऐकवायचा होता.

तंबाखूच्या वाळवणाशेजारच्या सोप्यात ते पडले होते. छाती भात्यासारखी हलत होती. उशाशी कागदांची चळत. मी बसलो आणि इंदूचं सगळं सांगितलं. सासू काय म्हणते, बाया कशा वागतात, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी चळतीतला वरचा कागद काढून माझ्याकडं दिला. त्या आठ दिवसांत पथक ज्या चार गावांत राहिलं तिथली रोजची मरणं कशी उतरत गेली ते एका बाजूला मांडलं होतं, आणि आंबेखोरीची कशी चढत गेली ते दुसऱ्या बाजूला.

"गाडी ऱ्हायली असती तर सात वाचली असती," अण्णा म्हणाले. "एकांदा हिकडं-तिकडं. चार येळा काढून बगितलं. सातच येत्यात. ती माजी."

इतकी वर्षं मी त्यांना काय काय बोलायचं ठरवलं होतं. मी एवढंच विचारलं, "त्या सातांत चंदा आहे का?"

त्यांनी कागद परत आपल्याकडं घेतला. "सात हायत येवडं सांगता येतं. कोन कोन हायत ते न्हाई सांगता येत."

"अण्णा, आहे म्हणा. मी इंदूला जाऊन सांगतो. तिच्या डोक्यावरचं उतरेल. एकदा म्हणा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानशिलांवर ओघळलं. ते त्यांनी पुसलं नाही. "सांगता येत न्हाई, गड्या," म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि चीडही तेवढीच आली. त्यांचा हात हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. पुतण्यानं गाळलेलं पाणी आणलं, ते त्यांना चमच्यानं पाजलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी ते गेल्याचं कार्ड आलं. इंदू भाकऱ्या थापत होती. मी चुलीशी बसलो आणि तिला म्हणालो, "अण्णा गेले. मी भेटलो तवा बोलले ते तुला सांगितलं न्हाई. गाडी त्यांनी न्हेली म्हनून चंदा गेली. त्यांनी हिशेब काढला हुता. त्यात तिचं नाव हुतं. त्येंच्या तोंडानं म्हनले, पोर माज्यामुळं गेली, इंदूचा काय बी दोष न्हाई."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. भाकरी उलटायची वेळ झाली तरी तिनं उलटली नाही. करपल्याचा वास आला तशी मी उलथनं घ्यायला हात पुढं केला. तिनं माझा हात धरला.

"मग माजं जगनं चुकलं न्हवतं म्हनायचं," ती म्हणाली.